तीनशे दहा मीटर

नांदेड, ३ मार्च २०२५

ताई, जयभीम.

फोन उचलत नाहीस, मेसेजवर एकच टिक येते, म्हणजे ब्लॉक केलंयस. म्हणून हे पत्र. पोस्टात आंतरदेशीय मागितलं तर काउंटरवरच्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "कुणाला लिहिताय?" म्हटलं, रागावलेल्या मोठ्या बहिणीला, बिलोलीकडे उपकेंद्रात नर्स आहे. म्हणाल्या, मग त्यात भागायचं नाही, पाकीटच घ्या. तुझ्यामुळे पोस्टाचा धंदा वाढला बघ.

आईच्या हाताचं प्लास्टर अजून तीन आठवडे राहणार आहे. बोटं हलतात. भाकरी थापता येत नाही म्हणून तिचं सारखं कुरकुरणं चालू असतं. शेजारच्या गुणाबाई दोन्ही वेळचं जेवण देतात आणि वर आईकडून स्वतःच्या भाकरीला नावंही ठेवून घेतात.

आईचा हात मोडला त्या दिवशी तू फोनवर एवढंच म्हणालीस, "तुझ्या नकाशात आई कुठं हाय, दाखव." आणि ठेवून दिलास. दाखवते.

माझ्या पीएचडीचा विषय आहे, भूकंपानंतर नव्याने वसलेल्या गावांमधला अवकाशीय न्याय. सोप्या भाषेत सांगायचं तर गावात कुणाला कुठली जागा मिळाली आणि त्या जागेपासून पाणी, शाळा, दवाखाना कुणाला जवळ पडला, कुणाला लांब. आईला विषय सांगितला तेव्हा ती म्हणाली होती, "अवकाशात कशाला न्याय मागून राहिलीस, आधी जमिनीवर माग की." जानेवारीत लातूरच्या चर्चासत्रात मी आपल्या तेरणवाडीवर निबंध वाचला. उपग्रहाच्या नकाशावर गावातल्या टाकीभोवती पाचशे मीटरचं वर्तुळ काढलं. आपल्या वस्तीतलं शेवटचं घर, म्हणजे आपलंच, टाकीपासून तीनशे दहा मीटरवर. वर्तुळाच्या आत. आत असलं की पाणी जवळ, असं धरायचं असतं. मी तसंच लिहिलं, की या गावात पाण्याचं अंतर सगळ्यांना जवळजवळ सारखं आहे.

निबंधात गावाला मी 'गाव ब' म्हटलं होतं. पण नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव तसंच राहिलं आणि एका वार्ताहराने ते उचललं. बातमी आली, मी ती घरच्या ग्रुपवर टाकली, चार हसरे चेहरे लावून. तू तेव्हाच ग्रुप सोडलास. सरपंच लिंबाजी यांनी कात्रण लॅमिनेट करून ग्रामपंचायतीत लावलं आणि वस्तीसाठी वेगळी टाकी धरली होती ती आराखड्यातून काढली. "तुमच्याच पोरीनं लिहिलंय," म्हणाले.

पंधरा दिवसांनी आई घागर घेऊन शाळेमागच्या वाटेने येताना नाल्याच्या उतारावर घसरली. ताई, सरळ रस्ता सोडून ती त्या वाटेने का गेली? यात माझ्या नकाशाचा काय दोष? बाया कुठून जातात ते उपग्रहाला काय माहीत?

तुझी,
पंचशीला

नांदेड, १९ मार्च २०२५

ताई,

उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही. म्हणजे घेतलंस. तेवढ्यावर सध्या खूश आहे.

मागच्या पत्रातली शेवटची ओळ लिहायला नको होती. उपग्रहाला माहीत नव्हतं, पण मला माहीत होतं.

आपल्या घरातल्या नळाला संक्रांत झाली की नुसती हवा येते. मग साडेसातशेच्या गल्लीतल्या टाकीवर जायचं. (माझ्या मार्गदर्शक सरांना हे नाव फार आवडलं होतं. ज्यांची जमीन जास्त त्यांना साडेसातशे फुटांचं घर मिळालं आणि आपल्याला अडीचशेचं, म्हणून गल्ल्यांची नावं तीच पडली, हे त्यांनी वहीत लिहून घेतलं.) टाकीपासून चौकातून सरळ आलं की आपलं घर. पण वस्तीतल्या बाया चौकातून येत नाहीत. त्या टाकीमागून निघतात, शाळेला वळसा घालतात, नाल्याकाठाने उतरतात आणि मागच्या बाजूने वस्तीत येतात. मी आठ वर्षांची होते तेव्हापासून छोटा हंडा डोक्यावर घेऊन आईमागे त्याच वाटेने चाललेय. पायात बाभळीचा काटा मोडायचा तोही त्याच वाटेवर. आणि माझ्या निबंधात ती वाटच नव्हती.

विसरले म्हणू का? नाही विसरले. लिहिताना आठवण झाली होती. पण मला वाटलं, हे लिहिलं तर विचारतील, आधार काय? मग सांगावं लागेल की हे माझंच गाव, ती बाई माझी आई. मग सगळे मान हलवणार, स्वतःच्या समाजाचं लिहितेय, भावनेच्या भरात लिहितेय. मला त्या सभागृहात सरजाबाईची मुलगी व्हायचं नव्हतं, संशोधक व्हायचं होतं. म्हणून वर्तुळ काढलं. वर्तुळाला कुणी विचारत नाही तुझी आई कोण म्हणून.

लाज वाटली ताई, आणि त्या लाजेपायी वस्तीची टाकी गेली. दोन महिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. तुला लिहिलं, आता जेवायला जाते. बऱ्याच दिवसांनी भूक लागलीय.

पंचशीला

तेरणवाडी, ६ एप्रिल २०२५

ताई,

आईचं प्लास्टर निघालं. हात जरा बारीक झालाय, पण तिने पहिल्याच दिवशी भाकरी थापली आणि गुणाबाईंना नेऊन दाखवली.

मी चार दिवस झाले इथेच आहे. या वेळी उपग्रह नाही, घागर. वस्तीतल्या सात जणींबरोबर रोज दोन खेपा करते आणि पावलं मोजते. मोबाइलवर मोजता आली असती, पण डोक्यावर घागर असली की पाऊल आखूड पडतं आणि मोबाइलचा हिशेब चुकतो. म्हणून तोंडाने मोजते. शंभर झाली की "शंभर" म्हणायचं आणि मागून येणाऱ्या गुणाबाईंनी ओच्यात एक चिंचोका टाकायचा. पहिल्या दिवशी मी इतकं पाणी सांडलं की त्या म्हणाल्या, "पंचे, वाट मोजून राहिलीस का शिपून राहिलीस?"

मागच्या वाटेने सतराशे चाळीस पावलं होतात. सरळ रस्ता मी एकटीने, रिकाम्या हाताने पण त्याच आखूड पावलांनी चालून बघितला. सहाशे वीस. एका खेपेला अकराशेवर पावलं जास्त, दिवसाला पाच-सहा खेपा. याला मी 'सारखं अंतर' म्हटलं होतं.

मग प्रत्येकीला विचारलं, मागून का जाता? एक म्हणाली, पहिल्यापासून. दुसरी म्हणाली, तिकडून सावली हाय. तिकडे एक बोडकी बाभळ आहे फक्त. तिसरी म्हणाली, "गुमान जावं आपलं, कशाला उगंच." कुणी अडवलं का, विचारलं, तर सगळ्यांनी न्हाई म्हणून माना हलवल्या.

शेवटी आई बोलली. जुन्या गावात देवळावरून आणि चावडीवरून आपल्या बायांना भरली घागर न्यायची सोय नव्हती. गावाबाहेरून वळसा घालून यावं लागायचं. तिच्या सासूने तिला लग्नानंतर दुसऱ्या दिवशी ती वाट दाखवली होती. भूकंपात देऊळ पडलं, चावडी पडली, आपलं घर पडलं. चार वर्षं पत्र्याच्या शेडात काढली, मी तिथेच जन्मले. मग सत्त्याण्णव साली सरकारने दोरी लावून आखलेलं हे गाव मिळालं, रुंद रस्त्यांचं. आणि आपल्या बायांनी आल्या आल्या यातही मागची वाट शोधून काढली.

सगळ्यात वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. दरवर्षी चौदा एप्रिलला आपली मिरवणूक त्याच चौकातून जाते, डीजे लावून, निळे झेंडे घेऊन. आई, गुणाबाई, सगळ्या जणी पांढरी साडी नेसून त्या मिरवणुकीत चालतात. आणि पंधरा एप्रिलला घागर घेऊन मागून जातात. मी स्वतः त्या मिरवणुकीत नाचलेय, पण हे माझ्या कधी लक्षात आलं नाही. तुझ्या आलं होतं का?

पंचशीला

नांदेड, १७ एप्रिल २०२५

ताई,

आज रेणुकादास सरांना सगळं सांगितलं. आठ दिवस टाळत होते. माझे मार्गदर्शक म्हणून त्यांचंही नाव त्या निबंधावर आहे, आणि चर्चासत्रात माझा नकाशा सगळ्यांपुढे धरून "असं काम हवं" म्हणणारे तेच. पाटीवर नावाखाली चार पदव्या असलेल्या माणसाला 'सर, आपण दोघांनी चुकीचं छापलंय' असं कुठल्या तोंडाने सांगायचं? शेवटी चिंचोके घेऊन गेले. त्यांच्या टेबलावर दोन ढीग ठेवले. एकात सहा, दुसऱ्यात सतरा. म्हटलं, हा सरळ रस्ता आणि ही माझ्या आईची वाट.

"तुमच्या आईची?" एवढंच विचारलं त्यांनी. तोपर्यंत त्यांना माहीत नव्हतं की गाव ब माझं गाव आहे. सहा वर्षांत त्यांनी विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी माझ्या प्रबंधातल्या या प्रकरणाची फाइल काढली. त्यावर त्यांनी पेन्सिलीने 'उत्तम' लिहिलं होतं. माझ्याकडे खोडरबर मागितला आणि तो शब्द नीट, कागद न चुरगळता खोडला. मला वाटलं, संपलं आता. तर म्हणाले, "तुम्ही लपवलंत ते चूकच. पण मी लातूरचा. माझ्या आजोळच्या गावातही अशी एक मागची वाट होती. मला नकाशा बघताना का नाही आठवली?" मग स्वतःच्या हाताने संपादकांना पत्र लिहिलं, निबंध मागे घेत आहोत आणि कारण असं असं. दोघांच्या सह्या केल्या. प्रबंधाला सहा महिने मुदत वाढवून मागायची. आणि ही चूक प्रबंधात लिहायची, परिशिष्टात नाही, पहिल्याच प्रकरणात, आई कोण आणि मी कोण या सगळ्यासकट.

ताई, मी खोलीवर आले आणि भर दुपारी चार तास झोपले. मैत्रिणीला वाटलं मी आजारी आहे. मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

आता एकच काम उरलंय, तेच सगळ्यात मोठं. एक मेला ग्रामसभा आहे. तिथे आराखडा कायम होईल. त्याच्या आत टाकी परत धरली नाही तर मग पाच-सात वर्षं विषयच निघणार नाही. मी नवे आकडे घेऊन बोलणार आहे. भीती वाटते. सभागृहात बोलायची सवय आहे, पण लिंबाजींपुढे नाही.

पंचशीला

तेरणवाडी, २ मे २०२५

ताई,

टाकी मिळाली! आधी हे लिहून टाकते, नाहीतर तू पत्र शेवटून वाचायला घेशील. लहानपणी माझ्या निकालाचं पत्रक पण तू शेवटून वाचायचीस.

आता पहिल्यापासून सांगते. ग्रामपंचायतीसमोर मांडव होता. वस्तीतल्या बाया एरवी ग्रामसभेला कडेला उभ्या असतात, काल गुणाबाईंनी सगळ्यांना पुढच्या सतरंजीवर बसवलं. मी उभी राहिले. म्हटलं, भिंतीवर लावलंय ते कात्रण माझ्या चुकीचं आहे, ते काढा. कारण सांगितलं, सगळ्या गावासमोर, लपवलं होतं तेही सांगितलं. पावलांचे आकडे वाचले.

लिंबाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अडवलंय कोण तुम्हाला? रस्ता काय माझ्या बापाचा हाय? या की चौकातून, खुशाल या."

आई बसल्या जागेवरूनच म्हणाली, "अडवलं न्हाई कुणी. पर अठ्ठावीस वर्षात या बी म्हणलं न्हाई कुणी."

मला वाटलं, झालं, जिंकलो आपण. तेवढ्यात लिंबाजी हसले. "मग मी म्हणतो ना आता. उद्यापासून सरळ या. तीनशे दहा मीटर तर हाय. मग अंतराचा सवालच मिटला, टाकीची गरज काय?"

मीच चूक सुधारली आणि त्यातून त्यांना पुन्हा तोच आकडा काढून दिला. मागच्या वाटेने गेलो तर टाकी मिळणार, सरळ रस्त्याने गेलो तर जाणार. सहा वर्षं शिकून मी नुसते हातातले कागद चाळत राहिले.

आई उठली. पदर नीट केला. म्हणाली, "बराबर हाय तुमचं. तीनशे दहाच मीटर हाय. मग असं करा, ही टाकी काढा आन आमच्या अडीचशेच्या गल्लीत नेऊन बसवा. तुमच्या बाया येतील की सरळ रस्त्यानं. तिकडून बी तेवढंच अंतर हाय, माझ्या पोरीनं मोजलंय."

आधी मागच्या पोरांतून हसू फुटलं. मग साडेसातशेच्या गल्लीतल्या बायाच पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "सरजाबाई, मला न्हाई जमायचं बाई तिथवर." आई म्हणाली, "मला बी न्हाई जमत, बघा की हात." लिंबाजींनाही हसावं लागलं, हसले नसते तर काय करणार होते? ग्रामसेवकांनी ठराव मांडला, हात वर झाले, वस्तीची टाकी आराखड्यात परत आली. कात्रण मी स्वतः काढलं. लॅमिनेशन फार पक्कं केलं होतं, भिंतीचा रंग सोबत आला.

सभा संपली तेव्हा गुणाबाई म्हणाल्या, टाकी बांधायला वर्ष जाईल, तोवर पाणी कुठून? आणि टाकीवर जाऊन घागर भरून चालायला लागल्या, चौकाकडे. मागोमाग आम्ही दहा-अकरा जणी. कुणी काही म्हणालं नाही. एका ओट्यावरचा माणूस पाय आवरून बसला तेवढंच. या गावात वस्तीतली बाई भरली घागर घेऊन सरळ रस्त्याने पहिल्यांदा चालली ताई, आणि मी तिच्यामागे होते. पावलं मोजायची राहूनच गेली. मी रडत होते.

आता तरी बोल. तू नसल्यामुळे एवढा आनंद झाला तरी जरा कमीच वाटला.

तुझी,
पंचशीला

बिलोली, ७ मे २०२५

पंचे, जयभीम.

पाचही पत्रं मिळाली. औषधांच्या कपाटात लसीकरणाच्या रजिस्टरखाली ठेवली आहेत. उत्तर दिलं नाही कारण पहिलं पत्र वाचून राग वाढला, दुसरं वाचून गेला, आणि राग गेल्यावर काय लिहायचं ते मला समजेना. मी तुझ्यासारखी लिहिणारी नाही. शेवटचं पत्र लसीकरणाच्या दिवशी आलं. बाया लेकरं घेऊन बसलेल्या आणि मी रडून राहिले. एक म्हणाली, "सिस्टर, तुम्हालाच सुई टोचली का काय?"

आता तुझी अजून एक चूक सांगते, प्रबंधात जायच्या आत दुरुस्त कर. तू लिहिलंस, वस्तीतली बाई भरली घागर घेऊन त्या रस्त्याने पहिल्यांदा चालली. चूक. आधी एक जण चालली होती.

नव्या गावात राहायला येऊन आपल्याला आठवडा झाला असेल. मी अकरा वर्षांची, तू आईच्या कडेवर. आईने मला टाकीवर पाठवलं. पाणी भरलं आणि समोर बघितलं तर एवढा रुंद, सरळ रस्ता, टोकाला आपलं घर दिसतंय. मला वाटलं, हे आपल्यासाठीच केलंय. मी कळशी घेऊन निघाले. गाणं म्हणत होते. चौकात आले तर समोरून आई पळत येताना दिसली, तुला कुणाजवळ तरी टाकून. मला वाटलं, कळशी घ्यायला आली. तिने खाडकन थोबाडीत मारली. कळशी पडली. मग माझा दंड धरून तिने मला परत टाकीपर्यंत नेलं, कळशी पुन्हा भरायला लावली आणि शाळेच्या मागून घरी आणलं. चौकातल्या ओट्यावर एक माणूस पेपर वाचत होता, त्याने मान वर करूनसुद्धा बघितलं नव्हतं. मारलं कुणी तर माझ्या आईने.

त्यानंतर मी त्या रस्त्याने पाणी आणलं नाही. दहावीनंतर नर्सिंगला गेले, नोकरी लागली, गावाला कमीच आले. आई विचारायची, का येत नाहीस? मी सुट्टी नाही म्हणायची.

तुझी बातमी वाचली, 'सगळ्यांना अंतर सारखं', तेव्हा डोळ्यापुढे तीच थोबाडीत आली. वाटलं, माझ्या सख्ख्या बहिणीने लिहून दिलं की तसं काही झालंच नव्हतं. आईचा हात मोडला म्हणून रागावले होते हे खरं, पण ते अर्धंच खरं. उरलेला राग आईवर होता, अठ्ठावीस वर्षांचा, तो तुझ्यावर काढला. माफ कर.

आईने ग्रामसभेत जे सांगितलं ते तुझ्या पत्रात मी चार वेळा वाचलं. त्या दिवशी मला ओढत नेणारी तीच बाई. आता माझा तिच्यावर राग नाही. खरंच नाही, मी तपासून बघितलं.

सोमवारी बुद्धपौर्णिमेची सुट्टी आहे, रविवारी सकाळच्या गाडीने येते. पत्र माझ्या आधी पोचलं तर बरं, नाही पोचलं तर मीच वाचून दाखवेन. आल्या आल्या टाकीवर जाणार आहे. आईला सांग, या वेळी सामोरं येऊ नको, दारात थांब. चौकापर्यंत मी सत्त्याण्णव सालीच आले आहे, तिथून पुढचा रस्ता राहिलाय.

तुझी,
ताई